मैत्री, घर आणि नव्याने मांडलेला डाव: वाचनालयासाठी नव्या कथा-कादंबऱ्या सुचवा

शेवरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मी सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला एका लहान गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. 'ड' वर्गाचं वाचनालय आहे. दोन खोल्या, सहा कपाटं, वेळ दुपारी तीन ते सात. बारा वर्षं दार मीच उघडते आणि कुलूपही मीच लावते.

गेल्या महिन्यात गावातल्याच, पण आता मुंबईला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ पुस्तकांसाठी १५,००० रुपये दिले. अट एकच घातली. मुलगी म्हणाली, "आईला माणसं एकमेकांना धरून राहतात अशा गोष्टी आवडायच्या. तशाच घ्या. आणि नव्या घ्या, जुन्या तर तुमच्याकडे आहेतच."

यादी करायला बसले आणि हात थांबला. आमचं दाखल रजिस्टर उघडलं तर जुन्या रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्या भरपूर. रेक्झिनच्या बांधणीतल्या, पाठीवरचं नाव पुसलेल्या कौटुंबिक कादंबऱ्यांचं तर अख्खं कपाट आहे. २००० सालानंतरचं काय आहे ते मोजलं तर एक खण पुरतो. याला मीच जबाबदार आहे. दरवर्षी खरेदीच्या वेळी विक्रेता जी यादी देतो तीवर खुणा करायच्या आणि पुस्तकं आणायची, असंच चालत आलं.

आता खरं कारण सांगते. चार वाजता आमच्याकडे सात-आठ बायका येतात. त्यांतल्या एक आक्का, वय बासष्ट. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. कोकम, आमसुलं, फणसाचे तळलेले गरे विकून घर चालवतात. त्यांची चाळीस वर्षांची मैत्रीण, जिच्याबरोबर त्या विहिरीवर पाण्याला जायच्या, ती गेल्या वर्षी लेकीकडे डिचोलीला राहायला गेली. डिचोली काही लांब नाही, पण रोजचं भेटणं संपलं. त्यानंतर एकदा पुस्तक बदलायला आल्या आणि टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, "गो बाय, घोवाच्या नि सासवेच्या गोष्टी आयुष्यभर वाचलंय. मैतरणींची गोष्ट आसा काय खंय?"

मी कपाटासमोर जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं शोधलं. सापडेना. त्यांना दुसरंच काहीतरी देऊन पाठवलं, आणि ते अजून मनात सलतंय.

म्हणून विचारतेय. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं असं लेखन सांगा ज्यात मैत्री आहे, घरची माणसं आहेत, आणि कुणीतरी मोडलेला डाव पुन्हा मांडला आहे. मराठी हवंच, भाषांतरंही चालतील. नुसतं नाव टाकू नका. कुणाच्या हातात द्यावं तेही सांगा. माझ्या वाचकांना मी नावानिशी ओळखते, त्यामुळे ते फार उपयोगी पडेल.

रानजाई

शेवरीताई, धागा वाचून लगेच लिहायला बसले.

मैत्रिणींची गोष्ट तुम्हाला सापडली नाही याचं एक कारण सांगते. आपल्याकडे मैत्रीची कादंबरी मैत्रीची म्हणून छापलीच जात नाही. मलपृष्ठावर 'स्त्रीच्या अस्तित्वाचा शोध' वगैरे लिहिलेलं असतं. आत बघावं तर त्या स्त्रीला उभं करणारी एक मैत्रीण असते आणि मलपृष्ठावर तिचा उल्लेखही नसतो.

शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' घ्या. १९९० ची आहे, म्हणजे तुमच्या अटीत थोडी मागे पडते, तरी घ्या. रीटा घरातली थोरली, कमावती. आईवडील आणि बहिणी यांचा भार तिच्यावर. ऑफिसातल्या साहेबाशी अनेक वर्षांचं नातं, ज्याला बाहेर नाव नाही. ती मनाने कोसळते, रुग्णालयात जाते आणि तिथून पुस्तक उलगडत जातं. या सगळ्यात सरस्वती नावाची तिची मैत्रीण आहे. ती रीटाला उपदेश करत नाही, सोबत राहते. मी ही पहिल्यांदा विशीत वाचली तेव्हा मला फक्त रीटा आणि तो साहेब दिसले. पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वाचली तेव्हा सरस्वती दिसली. त्या मधल्या काळात मलाही कुणीतरी रुग्णालयाच्या बाकावर सोबत केली होती. २००९ साली रेणुका शहाणे यांनी, म्हणजे लेखिकेच्या लेकीने, यावर 'रीटा' हा चित्रपट केला. तुमच्या बायकांना आधी तो दाखवता आला तर बघा.

गोखल्यांचीच २००८ ची 'त्या वर्षी' ही खऱ्या अर्थाने मित्रमंडळाची कादंबरी. मुंबईतली चित्रकार, गाण्यातली, पत्रकारितेतली माणसं, बाहेर बिघडत चाललेला काळ, आणि त्यात एकमेकांचं ऐकून घेणारा हा गट. सावकाश वाचायची आहे. आक्कांना कदाचित लांबची वाटेल. गावात एखादी शिक्षिका असेल तर तिला द्या.

कट्टेकरी

मिलिंद बोकिलांची 'शाळा' आहे ना तुमच्याकडे? नसेल तर आजच मागवा, आणि दोन प्रती मागवा.

२००४ मध्ये आली. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र सुऱ्या, चित्र्या, फावड्या. लोकांना जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर आठवतात. मला मात्र ती चार पोरं अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसतात तेच आठवतं. आमचीही अशी एक जागा होती, डोंबिवलीत, गोडाऊनच्या मागे. त्यातला एक मित्र आता नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे ती चौकडी कशी विखुरते ते वाचताना मी लोकलमध्ये होतो आणि माझं स्टेशन मागे गेलं.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलग्यांना द्या. मुलं वाचत नाहीत म्हणतात. हे वाचतात, मी स्वतः तिघांना दिलंय.

शेवरी

'शाळा' आहे, कट्टेकरी! मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, तिच्यावर या पुस्तकाच्या चिठ्ठ्या एकावर एक तीनदा डकवल्यात. शिक्के मारायला जागाच उरत नाही. दुसरी प्रत घेतेच.

रानजाई, सरस्वतीचं वाचून अंगावर काटा आला. नोंद केली.

एकटा_वाचक

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नये.

'मैत्री, कुटुंब, नवी सुरुवात' असं म्हटलं की डोळ्यांसमोर गोड शेवट येतो. गेल्या काही वर्षांतलं चांगलं मराठी कथालेखन तसं नाही. तिथे नवी सुरुवात बहुतेक वेळा माणसाने निवडलेली नसते, त्याच्यावर लादलेली असते. देविदास सौदागर यांची 'उसवण' घ्या. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. शिंपीकाम करणारा माणूस, तयार कपड्यांच्या दुकानांनी त्याचं गिऱ्हाईक नेलं, आता पुढे काय करायचं? लेखक स्वतः तुळजापूरचे, शिंपीकाम केलेले. त्यामुळे मशीन, कात्री, उधारीची वही हे सगळं आतून आलंय. बायको-पोरांचं घर आहे त्यात, माया आहे. पण दिलासा शोधणाऱ्याला ती जड जाईल.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण' तशीच. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणासाठी गाव उठवलेलं, माणसं दुसरीकडे नेऊन वसवलेली. मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा परत त्या रानात जातो. गावही नवं आणि घरही नवं, पण ही सुरुवात कुणी मागितली होती?

देणगी देणाऱ्यांना 'धरून राहणारी माणसं' हवी आहेत. यातही ती धरून राहतातच, पण कशाला आणि कुठवर, ते वाचवत नाही. तुमच्या वाचकांना हे द्यावं की नाही, याचा विचार करा.

शेवरी

राग कसला? उलट तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

आमच्या गावापासून जवळच पुनर्वसनाची वसाहत आहे. तिलारी धरणात गेलेल्या गावांतली माणसं तिथे राहतात. त्यांतले चार आमचे सभासद आहेत. एक काका दर सोमवारी वर्तमानपत्रं वाचायला येतात, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात, पुस्तक कधी नेत नाहीत. मी बारा वर्षांत त्यांना विचारलंही नाही की का नेत नाही. 'रिंगाण' मागवते. द्यायचं की नाही ते पुस्तक आल्यावर, आधी स्वतः वाचून ठरवेन.

ऊनपाऊस

एकटा_वाचक, 'रिंगाण'बद्दल अनुमोदन, पण एक भर घालतो. मी कोल्हापूरचा. खोतांची भाषा पन्हाळ्याच्या बाजूची, बोलीतलीच. पहिली वीसेक पानं कोकणातल्या वाचकाला अडखळायला होईल. त्यावर उपाय एकच, मोठ्याने वाचायचं. आमच्या घरी वडिलांनी ओसरीवर बसून वाचलं आणि आईने भाकऱ्या थापता थापता ऐकलं. डोळ्याला अनोळखी वाटणारा शब्द कानाला लगेच कळतो. 'गावठाण' आणि 'झड-झिंबड' या त्यांच्या आधीच्या कादंबऱ्यासुद्धा आम्ही अशाच वाचल्या.

माझी शिफारस किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'साठी. कथासंग्रह आहे, २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार. खेड्यातला बाळू शिकायला शहरात येतो. आता, हा विषय मराठीत शंभरदा आलाय. पण गुरवांकडे तो आक्रोश होऊन येत नाही. शहरात आलेला मुलगा बारीकसारीक गोष्टींना कसा बिचकतो आणि मागे राहिलेलं घर त्याला कसं सोडत नाही, ते इतक्या जवळून लिहिलंय की मला माझी पहिली होस्टेलची रात्र आठवली. वडील मला सोडून एसटी स्टँडवर गेले आणि मी गॅलरीतून त्यांची टोपी दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. घरी गेल्यावर त्यांनी आईला सांगितलं की पोरगं रडलं नाही. त्यांना वर बघायचा धीर झाला नव्हता, म्हणून त्यांना कळलं नाही.

बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींना द्या. आणि त्यांच्या वडिलांनाही.

सायली_७

वाचनखूण साठवली. माझ्यासारख्या वर्षानुवर्षं पुस्तक न उघडलेल्यांसाठी हा धागा सोनं आहे.

दूरचा_प्रवासी

न्यू जर्सीतून लिहितोय. इकडे आमच्या चार-पाच मराठी घरांत पुस्तकं फिरतात. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत दोन किलो पुस्तकांसाठी राखून ठेवायचे, असा अलिखित नियम आहे.

गीतांजलि श्री यांची 'रेत समाधि' सुचवतो. मूळ हिंदी, २०१८. तिच्या इंग्रजी भाषांतराला, डेझी रॉकवेल यांनी केलेल्या, २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. भारतीय भाषेतल्या पुस्तकाला ते पहिल्यांदाच मिळालं, म्हणून सगळ्यांनी नाव ऐकलं, पण वाचलं किती जणांनी कोण जाणे. ऐंशी वर्षांची बाई. नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेली. घर तिला उठवायचा प्रयत्न करतंय, ती उठत नाही. मग एक दिवस उठते. मुलाच्या घरून मुलीच्या घरी राहायला जाते. तिथे रोझी येते, तिची जुनी मैत्रीण, हिजडा. त्या दोघींची मैत्री हा माझ्यासाठी त्या पुस्तकाचा गाभा आहे. पुढे ती थेट पाकिस्तानात जाते, त्याबद्दल अधिक सांगत नाही.

मी हे आईला फोनवर वाचून दाखवलं. ती पुण्याला एकटी असते. रोज तिच्या रात्री नऊ वाजता, माझ्या सकाळी. हिंदी आहे, वाक्यं लांबलचक, शब्दांचे खेळ. आईला सुरुवातीला वैताग आला. "ही बाई मुद्द्यावर का येत नाही?" पण चौथ्या दिवशी फोन मी करायच्या आधी तिचा आला. बाबा गेल्यानंतर तीही अशीच पडून असायची, हे मला ते पुस्तक वाचताना कळलं. हजारो मैलांवरून फोनवर "बरी आहे रे" एवढंच ऐकू येतं.

हिंदी चालत असेल तर घ्याच. सगळ्यांनी मिळून, थोडं थोडं.

ऐकण्याचाही एक मार्ग आहे. स्टोरीटेल २०१७ पासून मराठीत आहे. डोळे दुखणाऱ्यांना, स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्यांना ते फार सोयीचं पडतं. गावात रेंज किती येते ते मात्र बघावं लागेल.

एकटा_वाचक

दूरचा_प्रवासी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आज रात्री मीही आईला फोन करतो.

मांडवीकाठ

डिचोलीचं नाव वाचून राहवलं नाही, मी त्याच बाजूची. शेवरीताई, तुमच्याकडे कोंकणी वाचणारे असतीलच. दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' ठेवा. नवी नाही, साहित्य अकादमी १९८३ ची. पण मावजोंना ज्ञानपीठ २०२१ मध्ये जाहीर झालं आणि त्यानंतर आमच्याकडे नव्या पिढीने ती पुन्हा हातात घेतली. गोव्यातली बाई घरकामाला कुवेतला जाते, लेकीसाठी. आमच्या वाड्यावर अशा किती कार्मेलीन होत्या. सुट्टीवर आल्या की साबणाचा वास यायचा त्यांच्या बॅगांना, आणि त्यांची स्वतःची मुलं दोन दिवस त्यांच्याजवळ जायला लाजायची. देवनागरीत आहे, मालवणी बोलणाऱ्याला काहीच जड नाही.

अबोली

नागपूरकडचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

आशा बगे यांची 'भूमी'. २००६ चा साहित्य अकादमी. मैथिली नावाच्या मुलीचं पोरकेपण, आणि मग हळूहळू तिने स्वतःच्या पायाखाली शोधलेली जमीन. बगे यांच्याकडे आवाज कधी चढत नाही. घरातल्या माणसांत जे न बोललेलं असतं ते त्या लिहितात. कौटुंबिक कादंबऱ्या वाचणाऱ्या तुमच्या जुन्या वाचकांना जुन्यातून नव्याकडे नेणारा हा पूल आहे. एकदम वेगळं दिलं तर ते परत येणार नाहीत.

दुसरं, कविता महाजन यांची 'भिन्न', २००७. एचआयव्ही झालेल्या बाईची गोष्ट. प्रत्येकाला झेपणारी नाही. पण तुमच्या गावात एखादी आशाताई असेल, आरोग्यसेविका असेल, तिला द्या. आजार कळल्यावर नातं कसं सरकतं ते ती रोज बघत असणार.

भावंडांसाठी सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू', २००६. लहानशी आहे. घरात पाहुणा म्हणून राहायला आलेल्या एकाच मुलावर भाऊ आणि बहीण दोघंही जीव टाकतात. अर्धं भावाने सांगितलेलं, अर्धं बहिणीने. घर, प्रेम, आणि सगळं मोडल्यावर आपल्या वाटेने चालायला लागणं, तिन्ही त्यात आहे. जेरी पिंटो यांनी इंग्रजीत नेली. गावात कुणी नाक मुरडेल, तरीही कपाटात असू द्या. कुणा एकाला तिची गरज असते आणि तो कधी मागून घेत नाही, आपला आपण शोधतो.

आणि नवं शोधायचं कसं, तर माझी पद्धत दिवाळी अंकांची. 'मौज', 'अक्षर', 'मुक्त शब्द' असे जे हाताला लागतील त्यांतल्या कथा वाचायच्या, जिने धरून ठेवलं त्या लेखकाचं नाव वहीत लिहायचं, आणि वर्षभर त्याचं पुस्तक येतं का यावर डोळा ठेवायचा. कथा म्हणजे पंधरा मिनिटांची ओळख. पटली तर कादंबरीला वेळ द्यावा. विक्रेत्याच्या यादीत तो लेखक बहुधा नसतोच, त्याला नाव घेऊन सांगावं लागतं.

कट्टेकरी

अबोलीताईंच्या वहीला +१. एक राहिलं होतं. प्रणव सखदेव यांची 'काळे करडे स्ट्रोक्स', २०२१ चा युवा पुरस्कार. कॉलेजच्या वयातली मैत्री, आणि एका मित्राचं ओझं मनावर घेऊन जगणं. 'शाळा' आवडलेली मुलं दोन-तीन वर्षांनी पुन्हा येतील तेव्हा त्यांना ही द्यायची. लगेच नको.

रानजाई

शेवरीताई, पुस्तकं आली की कळवा हं. आक्कांचं काय झालं ते ऐकल्याशिवाय चैन पडणार नाही.

शेवरी

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.

तुम्ही सांगितलेली जवळजवळ सगळी पुस्तकं आली. एक-दोन छापील मिळत नव्हती, ती ओळखीने जुन्या प्रती शोधून आणली. दाखल अंक घातले, पहिल्या पानावर त्या माउलीच्या स्मरणार्थ शिक्का मारला. यंदा प्रत्येक पुस्तक कपाटात लावायच्या आधी मी स्वतः वाचलं. बारा वर्षांत हे पहिल्यांदा केलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. त्यामुळे आता देवघेवीच्या टेबलावर कुणी "काय चांगला आसा?" विचारलं की मी कपाटाकडे बोट न दाखवता उठून जाते.

आक्कांना 'रीटा वेलिणकर' दिली. आठ दिवसांनी परत आणली. म्हणाल्या, शहरातली बाई, काही काही कळलं नाही, पण "ती सरस्वती माका माज्या शेजारणीसारी वाटली." मग 'रेत समाधि' आम्ही चारच्या बायकांनी मिळून सुरू केली. मी वाचते, त्या ऐकतात. हिंदी मालिका बघून बघून हिंदी त्यांना माझ्यापेक्षा बरं कळतं. तरी जिथे वाक्य अडतं तिथे मी मालवणीत सांगते. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडते त्या भागाला खोलीत कुणी बोलेना. आक्का हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत होत्या, सोडवत होत्या, परत गुंडाळत होत्या. मी पुस्तक मिटायला लागले तर म्हणाल्या, "वाच गो. थांबा नको."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान गेले तेव्हा त्याही अशाच पडून होत्या, शिमग्यापासून फणस पिकेपर्यंत. सून ताट आणून ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. एके सकाळी शेजारीण चार कच्चे फणस घेऊन आली, ओट्यावर आपटले, विळीला तेल लावलं आणि म्हणाली, बाजारात गऱ्यांची मागणी आहे, मला एकटीला कापवत नाहीत, ऊठ. बस एवढंच. त्या उठल्या. आज त्यांचा जो धंदा आहे त्याची सुरुवात त्या चार फणसांची.

ती शेजारीण म्हणजेच डिचोलीला गेलेली मैत्रीण.

आक्कांनी विचारलं, ही 'सरस्वती' तिला वाचायला पाठवता येईल का? बाहेरगावच्या माणसाला पुस्तक देता येत नाही, तसा नियम आहे. मी माझ्या नावावर काढून दिलं. एसटीच्या वाहकाच्या ओळखीने ते डिचोलीला गेलं, आणि परत आलं तेव्हा मधल्या एका पानात सुकलेली अबोलीची वळेसर, म्हणजे गजरा, निघाली. मी ती काढली नाही.

'कार्मेलीन' दोनदा फिरून आली. 'कोबाल्ट ब्लू' कुणी नावावर काढलेली नाही, पण कपाटात तिची जागा दर आठवड्याला बदललेली दिसते. कुणीतरी इथेच उभं राहून वाचतंय. अबोली, तुम्ही म्हणालात तसंच झालं. मी त्या कपाटाजवळ एक स्टूल ठेवलंय.

आता 'रिंगाण'. एकटा_वाचक, मी बरेच दिवस ते टेबलाच्या खणात ठेवलं होतं. मग एका सोमवारी काका वर्तमानपत्र घडी करून ठेवत होते तेव्हा समोर ठेवलं आणि एवढंच सांगितलं की धरणात गेलेल्या गावाची गोष्ट आहे, नको वाटली तर परत द्या. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान उभ्यानेच वाचलं. मग कार्डावर सही केली. त्यांची पहिली सही.

पुढच्या सोमवारी आले, पुस्तक आणलं नव्हतं. माझ्यासमोर बसले. म्हणाले, भाषा घाटावरची आहे पण म्हैस आपलीच आहे. ऊनपाऊस, त्यांनीही मोठ्याने वाचलं, नातवाला समोर बसवून. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्या म्हशीक तरी ठावक होता आपला घर खंय ता. ह्यो नातू इचारता, आजोबा, तुमचो गाव खंय? काय दाखवतलंय? पाणी?"

मला काहीच बोलता आलं नाही. चहा मागवला.

त्यानंतर दोन सोमवार गेले. काका येतात, वर्तमानपत्र वाचतात, पण 'रिंगाण' अजून त्यांच्याकडेच आहे. मुदत संपून नऊ दिवस झाले. काल सांगत होते की पुस्तक वसाहतीतल्या तिसऱ्या घरात आहे सध्या, तिथून चौथ्या घरात जायचंय. मी तारखेच्या चिठ्ठीवर मारायचा शिक्का तसाच बाजूला ठेवलाय.